नवी आवृत्ती मला ओळखत नाही

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ही वही फक्त संगणकाच्या नव्या आवृत्तीच्या नोंदींसाठी आहे. इतर कुठलाही मजकूर यात येणार नाही. मी, कोंडाजी मोजाड, एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कधी लागली, कधी सुटली, उशीर का झाला, हे लिहिल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हात शिवशिवतात.

तर आज सकाळी लॅपटॉप उघडला आणि समोर निळी पाटी: "आपल्या संगणकासाठी नवी आवृत्ती तयार आहे." खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'. हा लॅपटॉप माझ्या मुलीने, शुभांगीने, नागपूरहून पाठवला. म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही भिंतींशी बोलता. त्यापेक्षा यावर माणसांशी बोला." भिंतींशी बोलतो हे साफ खोटं आहे. मी रेडिओशी बोलतो.

अकरा वाजता माजिदाचा वर्ग असतो. माजिदाचं नाशिकच्या द्वारका चौकाजवळ संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दर रविवारी ती आम्हा पिकल्या पानांना संगणकावरूनच संगणक शिकवते. तिला विचारलं, तर म्हणाली, "काका, बिनधास्त 'आता' दाबा. जुन्या आवृत्तीला पुढच्या महिन्यापासून कंपनी विचारणार नाही."

"म्हणजे निवृत्त?"

"हो, आणि पेन्शनपण नाही."

पडद्यावरचे चौदाही चौकोन हसले. छायाबाई सगळ्यांत जास्त वेळ हसल्या.

छायाबाईंचं नाव आलंच आहे तर ओळख करून देणं भाग आहे. छाया सदगीर, सिन्नर, निवृत्त परिचारिका, वय एकोणसाठ, यजमान जाऊन बारा वर्षं. जूनमध्ये वर्गात मी पहिल्यांदा "माझा आवाज येतोय का?" असं विचारलं, तर एक चौकोन ताडकन ओरडला, "अगं बाई, हा तर सहा दहाच्या सिन्नर गाडीचा आवाज!" एकोणीस वर्षं त्या नोकरीसाठी रोज नाशिकला यायच्या, आणि रोज संध्याकाळी मी भोंग्यावरून त्यांना घरी धाडत होतो. पाहिलं कधीच नव्हतं, कारण आमच्या खोलीच्या काचेला ऊन लागतं म्हणून आतून कागद चिकटवलेले असायचे. त्या म्हणाल्या, "फलाट क्रमांक म्हटलं की तुम्ही जरा थांबायचा आणि मग आकडा सांगायचा. आमचा जीव टांगणीला." तेव्हापासून रोज सायंकाळी साडेसहाला आम्ही अर्धा तास व्हिडिओवर बोलतो. विषय संगणक.

३० सप्टेंबर, मंगळवार

'आता' दाबलं. नोंदी:

९.०५ सुरुवात. ९.४० सात टक्के. १०.१५ एकतीस टक्के, पडदा काळा. १०.१८ पडदा परत आला. ११.१० नव्व्याण्णव टक्के. ११.५२ अजूनही नव्व्याण्णव टक्के. प्रवाशांना मी एकतीस वर्षं "गाडी येतच आहे" असं सांगत आलो, त्याचा सूड कुणीतरी घेत होतं. १२.०६ पूर्ण.

आणि काय सांगू! सगळं नवंकोरं. चौकोनांचे कोपरे गोल झालेत. डाव्या कोपऱ्यात पडून असणारं सुरुवातीचं बटण आता मधोमध आलंय. भाषा मराठी करता येते. कोपऱ्यात हवामान दिसतं: नाशिक सव्वीस अंश, ढगाळ. हवं ते दुसरं गावही जोडता येतं. सहज म्हणून सिन्नर जोडलं. तिथेही सव्वीस.

सगळ्यांत मोठी सुधारणा म्हणजे चेहरा. आता सांकेतिक आकडा टाकायला नको, नुसतं समोर बसायचं आणि संगणक ओळखतो. माजिदाने फोनवरून सांगितलं, "कॅमेऱ्याकडे बघा, काका." मी पडद्याकडे बघितलं, तिथे मीच होतो. मान डावीकडे, मान उजवीकडे, झालं. मग बंद करून पुन्हा सुरू केला, जरा समोर सरकलो आणि पडद्यावर अक्षरं आली: "स्वागत आहे, कोंडाजी."

बायको गेल्यापासूनच्या सहा वर्षांत या घरात आल्यावर मला कुणी स्वागत म्हटलेलं नाही. मी संगणक अकरा वेळा बंद करून सुरू केला. अकराही वेळा स्वागत.

सायंकाळी छायाबाईंना सगळं सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज तुम्ही लय खुलून दिसताय." नव्या आवृत्तीत चित्र अधिक स्पष्ट येत असावं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज यंत्रांची पूजा. डेपोत आम्ही एकेक गाडी धुऊन काढायचो, झेंडूच्या माळा, नारळ, आणि गाडीच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या काचेच्या वर मधोमध, ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा. तो टिळा पुसायचा नसतो. ऊन-पावसाने जाईल तेव्हा जाईल. एका वर्षी एका चालकाने काच पुसताना तो पुसला आणि चांदोरीला गाडीची दोन चाकं पंक्चर झाली. योगायोग म्हणा, पण आम्ही नाही म्हणत.

लॅपटॉपला पाटावर बसवला. मखमलाबादचे झेंडू आणले होते, छोटी माळ घातली. तेलात कुंकू कालवून कपाळ शोधलं. पडद्याच्या वरच्या काठावर बरोब्बर मधोमध एक बारीक काळा ठिपका आहे, जणू टिळ्यासाठीच जागा सोडलेली. तिथे अंगठ्याने चांगला दाबून लावला. देखणा दिसतो. झाकण मिटलं तर कुंकू खालच्या बटणांना लागेल, म्हणून उघडाच ठेवलाय. आज यंत्राला विश्रांती, त्यामुळे संगणक सुरू केला नाही. छायाबाईंना तसं कालच सांगून ठेवलं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी केस काळे केले. कारण सणाचं. छायाबाई संध्याकाळी शुभेच्छा द्यायला भेटणार आहेत, हा वेगळा भाग. पाकिटावर लिहिलं होतं की मिशीला लावू नये, त्वचा नाजूक असते, म्हणून मिशी पांढरीच ठेवली.

संगणक सुरू केला. पडद्यावर: "आपला शोध घेत आहे…" मी म्हटलं, अरे, हा काय इथेच बसलोय. पुन्हा: "आपला शोध घेत आहे…" मग: "आपल्याला ओळखता आलं नाही. सांकेतिक आकडा टाका."

दोन दिवसांपूर्वी अकरा वेळा स्वागत करणारा हा! चूक उघड आहे आणि माझीच आहे. केस. त्याने मंगळवारी पांढरं डोकं पाहिलं होतं, आज काळं.

साडेसहाला छायाबाई. हिरवी साडी, वेणीत शेवंती. म्हणाल्या, "तुमच्याकडं सगळं लाल-लाल का दिसतंय?" माझं मलाही छोट्या चौकटीत लालसर धुकं दिसत होतं, पण मी वाचून तयार होतो. नव्या आवृत्तीत संध्याकाळी पडद्याचा रंग आपोआप उबदार होतो, डोळ्यांना आराम म्हणून. तसं त्यांना समजावलं.

"आराम असंल," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही दिसत नाय."

"सवय होईल," मी म्हटलं.

मग त्यांनी एक बातमी दिली. धाकटा भाऊ मल्हारी पुण्याला असतो. तो एकोणीस तारखेला, दिवाळीच्या तोंडावर, त्यांना कायमचं न्यायला येणार आहे. सिन्नरचं घर भाड्याने देणार. "एकटीनं किती दिवस राहायचं, असं तो म्हणतो. मी अजून हो-नाय काय म्हटलं नाय." मग मी विचारलं, "पुण्यात तुमच्या संगणकाला वेग कसा मिळेल?"

का विचारलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "मिळंल की," आणि सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, असं म्हणून गेल्या. वर्गाचं मोठं नुकसान होणार आहे. चौदाचे तेरा राहतील.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ओळखत नाही. चष्मा काढून बसलो, नाही. चष्मा लावून हसलो, नाही. रागाने बघितलं, नाही. पुण्याचं हवामान जोडून पाहिलं. अठ्ठावीस अंश, दमट. राहण्यासारखं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

वर्गात माजिदा म्हणाली, "काका, तुमच्या कॅमेऱ्यावर काहीतरी आलंय बघा. आधी पुसा."

सगळ्यांसमोर! मी म्हटलं, "माजिदा, पडदा मी रोज पुसतो, मऊ फडक्याने, टिळा सांभाळून. हा नव्या आवृत्तीचा सायंप्रकाश आहे. तुमच्यातल्या ज्यांनी अजून 'नंतर' दाबलंय त्यांना तो ठाऊक नसणार."

"सकाळी अकरा वाजता सायंप्रकाश?"

"माझ्याकडे ढगाळ आहे."

माजिदा काहीतरी म्हणणार होती, पण तेवढ्यात गंगापूर रोडच्या कुलकर्ण्यांचा आवाज बंद पडला आणि सगळे त्यांच्याकडे वळले. छायाबाई आज एकदाही हसल्या नाहीत. पेन्शनच्या विनोदासारखा एक चांगला विनोद मी मुद्दाम तयार ठेवला होता, तोही वाया गेला.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

विचार करकरून उत्तर सापडलं. वर काळे, खाली पांढरी. संगणकाला वाटत असणार, ही दोन माणसं आहेत! डोकं पुन्हा पांढरं करणं हातात नाही. उरली मिशी.

ही मिशी मी एसटीत लागलो त्या वर्षीची. माझ्या बायकोने, नवसाबाईने, मला कधी मिशीशिवाय पाहिलं नाही. तिच्या फोटोसमोर उभा राहून म्हटलं, "नवसा, काढू का?" ती फोटोत नेहमी हसते तशीच हसत होती. दहा मिनिटांत मिशी गेली. आरशात पाहिलं आणि दचकलो. सोललेला बटाटा. पण विज्ञानासाठी माणसाने काय काय सोसलंय.

संगणकासमोर बसलो. "आपला शोध घेत आहे…"

मीही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ओळखत नाही. खाकी गणवेश चढवून, बिल्ला लावून बसलो. नाही. गणवेशाचं पोटावरचं बटण तुटलं, ही स्वतंत्र नोंद.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल आणि परवा छायाबाई दहा मिनिटंच बोलल्या. आज साडेसहाला आल्याच नाहीत. सात वाजता मोबाइलवर निरोप आला. तो जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

"कोंडाजीराव, तुम्हाला तोंड दाखवायचं नसेल तर तसं सरळ सांगा. घरी कोणी आलं असेल, कोणी काही बोललं असेल, मी समजू शकते. एकोणीस वर्षं तुमच्या काचेला कागद होता. चार महिने काच उघडी होती, लय बरं वाटलं. आता पुन्हा कागद लावलात. मल्हारी एकोणीसला येतोय. काळजी घ्या. छाया."

पाच वेळा वाचला. मी काही लपवत नाही हो! उलट ते लाल धुकं पुसायला मी जिवाचं रान करतोय. लांबलचक उत्तर लिहून तीनदा खोडलं, शेवटी "नवीन आवृत्तीची अडचण आहे" एवढंच गेलं. ते वाचून माझं मलाच बहाण्यासारखं वाटलं.

हे लिहायचं नव्हतं, पण वही माझी आहे. साडेसहा ते सात हा अर्धा तास नसेल, तर बाकीचे साडेतेवीस तास घेऊन मी काय करू?

११ ऑक्टोबर, शनिवार

लॅपटॉप उघडाच टोपलीत ठेवून, वर नॅपकिन टाकून, रिक्षाने माजिदाच्या दुकानात गेलो. तोंडाला मास्क, बटाटा दिसू नये म्हणून. माजिदा कुणाच्या तरी छपाईयंत्राचा पंखा साफ करत होती. मी सगळी हकिगत सांगितली, केस, सायंप्रकाश, वर काळे खाली पांढरी. तिने नॅपकिन उचलला. एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काका, हे कुंकू कधी लावलं?"

"खंडेनवमीला. का?"

"आणि ओळखायचं कधी बंद झालं?"

"दुसऱ्या दिवशी. पण त्याचा काय संबंध?"

तिने ओढणीचं टोक जरासं ओलं केलं आणि टिळ्याकडे नेलं. मी ओरडलो, "अगं, पुसायचा नसतो तो!" ती थांबली. दोन क्षण विचार केला. मग म्हणाली, "मग काढून दुसरीकडे लावू. पाठीवर चालेल ना?" पाठीवर चालण्यासारखं होतं. तिने ठिपका पुसला, आणि बोटावरचं कुंकू मागच्या बाजूला नीट गोल लावून दिलं.

"काका, हा काळा ठिपका म्हणजे कॅमेरा. याच्यातूनच तो बघतो."

"मग पडदा?"

"पडदा फक्त दाखवतो. आता तोंडावरचं काढा आणि समोर बसा."

मास्क काढला. "स्वागत आहे, कोंडाजी." पापणी लवायच्या आत! काळे केस, मिशी नाही, तरी स्वागत!

"डोळे, नाक, कपाळ यांची मापं घेतं ते," माजिदा म्हणाली. "केस-मिशीचं त्याला काय नाय." मग तिने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं, आणि जी हसायला लागली ती खुर्ची धरून खालीच बसली. "या अल्लाह, काका, मिशी! अहो, मिशी याच्यासाठी काढली? मशीनने ओळखलं, पण मी नसतं ओळखलं!" काखेत कळसा आणि गावाला वळसा हे माझ्या आईचं आवडतं वाक्य होतं. मीही हसलो. दुकानात दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो.

मग पडद्यावर लक्ष गेलं. स्वच्छ, लख्ख, धुकं नाही, सगळं स्पष्ट. मध्ये तो बटाटा. आता छायाबाईंना हे दिसणार!

"माजिदा," मी म्हटलं, "मिशी यायला किती दिवस लागतात?"

"संगणकाचं विचारा, काका."

१२ ऑक्टोबर, रविवार

वर्गाला कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून बसलो. स्वतःच्या हाताने. माजिदाने कपाळावर हात मारलेला मला स्पष्ट दिसला. सायंकाळी छायाबाईंना फोन लावला, त्यांनी घेतला.

"आता तर पार काळंच दिसतंय," त्या म्हणाल्या.

"दुरुस्ती चालू आहे."

"किती दिवस चालंल?"

मी अंदाज केला. मिशी अंगठ्याच्या नखाएवढी यायला तीन आठवडे. "तीन आठवडे," मी म्हटलं.

"तीन आठवड्यांत तर मी पुण्यात असंल," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मिशी: दोन मिलिमीटर, पांढरी, टोचते. डोकं काळं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशातला प्रकार. म्हणजे म्हण आठवली म्हणून लिहिली. नवरा वगैरे शब्दाशी माझा संबंध नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शुभांगीचा फोन आला. "बाबा, सिन्नरला कधी जाताय?"

मी सर्द. "कोण म्हणालं मी सिन्नरला जातोय?"

"कुणी नाही. पण तीन-चार महिन्यांत तुम्ही मला सिन्नरचं हवामान, सिन्नरचा बाजार आणि सिन्नरच्या गाड्यांचं वेळापत्रक एवढ्या वेळा सांगितलंय की मला ते पाठ झालंय. मला ऑगस्टपासून माहीत आहे, बाबा. नाव तेवढं माजिदाताईंना विचारलं. छायाकाकू ना?"

मी म्हटलं, "अगं, या वयात लोक म्हातारचळ म्हणतील."

"म्हणू देत. चळ लागलेले म्हातारे मला चालतील. भिंतीशी बोलणारे चालत नाहीत."

"आणि तुझी आई?"

शुभांगी म्हणाली, "आई गेली त्याच्या आदल्या महिन्यात मला म्हणाली होती, यांना स्वतःचा चहा करता येतो, पण एकट्याला पिता येत नाही. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं."

फोन ठेवून चहा केला. बरोबर होतं तिचं. निम्मा ओतून दिला.

आता खरं लिहितो. ही वही नव्या आवृत्तीसंबंधी नाही. कधीच नव्हती. मला छायाबाई हव्या आहेत. त्या रविवारी पुण्याला गेल्या तर मी कुणाला काय सांगू, कुणासाठी केस काळे करू? परवा शनिवार. शनिवारी सिन्नरला जातो. तोंड आहे तसं घेऊन.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

घटना क्रमाने लिहितो, नाहीतर मीच विश्वास ठेवणार नाही.

९.४० ची गाडी. निळा शर्ट. पेढे. मास्क घेतला नाही. सिन्नरच्या स्थानकामागे त्यांची गल्ली. घर लगेच सापडलं, कारण अंगणात चिवड्याचे पोहे उन्हात घातले होते आणि ओसरीवर दोन ट्रंका दोरीने बांधून ठेवल्या होत्या. त्या ट्रंका मी दोनदा मोजल्या. कडी वाजवली.

छायाबाई बाहेर आल्या, हातात चाळणी. पडद्यावर दिसतात त्याहून ठेंगण्या आहेत. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

एकतीस वर्षं ज्या आवाजावर पोट भरलं, तो गेला. शब्द फुटेना. नुसता उभा.

"लाइटच्या मीटरवाले का? मागच्या बाजूला हाय मीटर. या."

आणि मी गेलो! काय करणार, बोलता येत नव्हतं, पाय तेवढे चालत होते. त्यांच्यामागून घराला वळसा घालून मीटरपुढे उभा राहिलो आणि अगदी मन लावून बघितलं.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

आकडा वाचणं ही सवय आहे, ती कुठे जाणार. तोंडातून आपोआप निघालं, "चार हजार दोनशे… सोळा."

मागे चाळणी पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर छायाबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही? मिशी कुठंय?"

"नव्या आवृत्तीसाठी काढली."

मग सगळं सांगितलं, तिथेच मीटरपाशी, खंडेनवमीपासून माजिदाच्या ओढणीपर्यंत. कुंकवाचं ऐकून त्या भिंतीला टेकल्या. टिळा पाठीवर हलवला हे ऐकल्यावर हसता हसता खाली पायरीवरच बसल्या. डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाल्या.

"ते कळलं. पण नंतरचं? पुसून झाल्यावर पट्टी कशापायी लावली?"

"हा असला चेहरा तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं."

"मला न विचारता ठरवलंत?" आवाज चढला होता. "अहो, तेहतीस वर्षं मी माणसं बघितली. टाके घातलेली, दात काढून वाटीत ठेवलेली, तोंडं सुजलेली. मिशीचं काय घेऊन बसलात? इथं मी आठ दिवस जेवले नाय धड. वाटलं, माणसाला माझं तोंड बघायचा कंटाळा आला."

मनात होतं तेच बोललो. "पुण्याला जाऊ नका."

"का?"

"मला करमणार नाही. तुम्ही नाशिकला या. नाहीतर मी इथे येतो. लग्न करून. म्हणजे आधी लग्न, मग येणं. किंवा तुम्ही म्हणाल त्या क्रमाने."

त्यांनी माझा हात घेतला. मला वाटलं, झालं! पण त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरून दिसणाऱ्या शेजाऱ्यांच्या घड्याळाकडे बघत बसल्या. पूर्ण एक मिनिट. त्या मिनिटाची लांबी मी कुठल्याही वहीत नोंदवू शकणार नाही.

"एकशे अठरा," त्या म्हणाल्या. "बसा आधी इथं. पाणी आणते."

पाणी आणलं, सोबत मोबाइल आणला. माझ्याशेजारी पायरीवर बसल्या आणि फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, यांचं येत होतं.

"मल्हारी? हां, ताई बोलते. उद्या येतोस ना? ये. पण न्यायला नको येऊ, जेवायला ये. बायकोलाही आण. … नाय, तब्येत बरी हाय. … अरे, एक माणूस दाखवायचाय तुला."

पलीकडून बरंच काही विचारलं जात होतं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दिसायला म्हणशील तर," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "सध्या दुरुस्ती चालू हाय. पण मला पसंत हाय."

दुपारी दोघांनी मिळून ट्रंकांच्या दोऱ्या सोडल्या. गाठी फार पक्क्या बांधल्या होत्या त्यांनी. एक तर विळीने कापावी लागली.

उद्या मला सव्वासातच्या गाडीने यायला सांगितलंय. वांगी चिरायची आहेत.